मृत्युपत्र नसताना आई-वडिलांच्या मिळकतीची वाटणी: भावंडांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

आई किंवा वडील मृत्युपत्र न करता गेले, की घरात दोन कामे एकाच वेळी उभी राहतात आणि बहुतेक घरांत ती एकच समजली जातात. पहिले काम वारसनोंदीचे, म्हणजे कायद्याने जे जे वारस ठरतात त्या सर्वांची नावे महसुली दप्तरात, सोसायटीत आणि बँकेत लावण्याचे. दुसरे काम वाटणीचे, म्हणजे कोणता गट, कोणती खोली, कोणती ठेव कोणाकडे जाईल हे ठरवण्याचे. मी जी भांडणे जवळून पाहिली, त्यांतली बरीचशी ही दोन कामे एकमेकांत मिसळल्यामुळे पेटली. तलाठी कार्यालयात बहिणीचे नाव लागले की भावाला वाटते तिने वाटा मागितला, आणि भावाने नावे लावताना तिला विचारले नाही की बहिणीला वाटते तिचा वाटा गेला. म्हणून क्रम मनाशी पक्का ठेवावा: आधी यादी, मग हिस्से, मग सर्वांची नावे आणि त्यानंतरच वाटणी.

येथे जे सांगितले आहे ते महाराष्ट्रातील हिंदू कुटुंबांना लागू पडते, आणि वारसा कायद्यासाठी बौद्ध, जैन व शीख कुटुंबेही त्यातच येतात. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे वारसा हक्क वेगळ्या नियमांनी ठरतात. गोव्यातील व्यवस्था तर मुळातच निराळी आहे; तेथे २०१२ च्या स्वतंत्र उत्तराधिकार कायद्यानुसार न्यायालयात इन्व्हेंटरीची, म्हणजे मिळकतीची यादी करून ती वाटण्याची, कार्यवाही चालते, त्यामुळे तेथील मिळकतीसाठी तेथीलच वकील गाठावा.

पहिली पायरी: मृत्युपत्र खरोखरच नाही याची खात्री

"बाबांनी काही लिहून ठेवलेले नाही" हे वाक्य घरातील एकाने म्हणावे आणि इतरांनी मान डोलवावी, एवढ्यावर थांबू नये. कपाट, बँकेचा लॉकर, नेहमीचे वकील, सनदी लेखापाल आणि विश्वासातला मित्र या सर्वांकडे विचारणा करावी. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तरीही अनेकजण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवतात, म्हणून आई-वडील जेथे राहत होते तेथील आणि मूळ गावच्या तालुक्यातील कार्यालयात शोध घ्यावा. साध्या कागदावर लिहिलेले मृत्युपत्रही दोन साक्षीदारांच्या सह्या असतील तर वैध ठरू शकते. ते दोन वर्षांनी सापडले, तर तोवर केलेली सारी वाटणी पुन्हा वादात येते.

दुसरी पायरी: मिळकतीची आणि कर्जाची एकच यादी

माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत जमिनीचे जुने उतारे होते, एका पतसंस्थेच्या ठेवीच्या तीन पावत्या होत्या आणि त्यांच्या खाली, घडी घातलेल्या पंचाखाली, आईच्या पाटल्या गहाण ठेवल्याची पावती होती. ती पावती आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हती. ट्रंक तिघांनी मिळून, आईसमोर उघडली म्हणूनच पाटल्या कोठे गेल्या हा प्रश्न आमच्यात कधी संशयाचा झाला नाही. ट्रंक, कपाट किंवा लॉकर एकट्याने उघडू नये. शक्य तितके वारस हजर असावेत, प्रत्येक कागदाचा फोटो काढावा आणि तो त्याच दिवशी सर्वांना पाठवावा.

यादीत शेतजमिनीचा सातबारा व आठ-अ, गावठाणातील घराची ग्रामपंचायतीकडील आकारणीची नोंद, शहरातील जागेची मिळकत पत्रिका, सदनिकेचे भागपत्र (सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट) व करारनामा, बँक व पोस्टातील ठेवी, विमा, शेअर्स, भविष्य निर्वाह निधी, वाहने आणि दागिने यावेत. मालकीबद्दल शंका असेल तेथे नोंदणी कार्यालयातील सूची क्रमांक दोनचा (इंडेक्स-२, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याचा) उतारा काढावा. बँकेतील जुन्या, विसरलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' या संकेतस्थळावर शोधता येतात, कारण दहा वर्षे कोणी न मागितलेली रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे वर्ग करतात आणि वारसांना ती त्यानंतरही मागता येते. कर्जाचा रकाना तितकाच काळजीने भरावा: विकास सोसायटीचे पीककर्ज, सातबाऱ्याच्या इतर हक्कांत चढलेला बोजा, गृहकर्ज, थकलेला घरपट्टीचा हप्ता. वारसांची जबाबदारी मिळालेल्या मिळकतीपुरतीच असते, परंतु कर्ज फेडल्यावर जे उरते तेच वाटायचे असते.

कुटुंब निवृत्तिवेतन या यादीत येत नाही. ते जोडीदाराचे स्वतःचे असते. मुंबई-पुण्यातील पागडीची खोलीही सरळ वाटणीत येत नाही, कारण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी पाहिला जातो.

एक सावधगिरी येथेच सांगते. मृत्यूनंतर आई-वडिलांच्या एटीएम कार्डाने पैसे काढू नयेत, अगदी दवाखान्याचे बिल भागवायचे असले तरीही नाही. हेतू कितीही निर्मळ असला तरी पुढे बँकेच्या उताऱ्यातील ती एक ओळ वर्षानुवर्षे बोचत राहते. खर्च स्वतःच्या खिशातून करावा, पावती ठेवावी आणि नंतर सामाईक रकमेतून तो वळता करून घ्यावा.

तिसरी पायरी: वारस कोण आणि हिस्सा किती

सर्वाधिक गैरसमज येथे आहेत. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ व १० प्रमाणे वर्ग एकच्या वारसांत समान वाटली जाते. पत्नी, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि वडिलांची आई हयात असल्यास ती, यांना प्रत्येकी एक हिस्सा मिळतो. आधीच वारलेल्या भावाचा हिस्सा बुडत नाही. त्याची पत्नी व मुले मिळून तो एक हिस्सा घेतात. आधी वारलेल्या बहिणीच्या मुलांनाही तिचा हिस्सा तसाच मिळतो. मुलगी विवाहित आहे की अविवाहित याने काहीही फरक पडत नाही, आणि तिच्या लग्नात झालेला खर्च कायद्याने तिच्या हिश्शातून वजा होत नाही.

समजा वडिलांमागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि त्यांची वृद्ध आई आहे. प्रत्येकाला पाचवा हिस्सा मिळेल. येथे आजीचा हिस्सा विसरला जातो आणि तो विसरणे महागात पडते, कारण आजी नंतर वारल्या की त्यांचा पाचवा हिस्सा केवळ या तीन नातवंडांकडे येत नाही. तो आजींच्या सर्व वारसांकडे, म्हणजे काका आणि आत्यांकडेही जातो. पुण्यातल्या सदनिकेत काकांचा हिस्सा कसा आला, असा धक्का बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. तो कागदोपत्री बरोबरच आलेला असतो. आजी हयात असतील तर त्यांच्या इच्छेने आणि संपूर्ण समजुतीने त्यांच्या हिश्शाचे काय करायचे ते त्यांच्याच हयातीत ठरवून नोंदवावे.

आई गेली असेल तर नियम कलम १५ चा. तिच्या मिळकतीचे पहिले वारस मुलगे, मुली आणि पती हे आहेत, सर्वांना समान. तिचे स्त्रीधन, माहेरहून आलेले दागिने, तिच्या नावावरची ठेव ही तिची संपूर्ण मालकीची मिळकत असते. "दागिने सुनांचे" किंवा "दागिने लेकींचे" असा कोणताही नियम कायद्यात नाही.

आता वडिलोपार्जित जमिनीकडे येऊ. गावाकडे आजोबांकडून आलेले सगळेच वडिलोपार्जित म्हटले जाते, पण कायदा इतका सैल नाही. आजोबांची स्वकष्टार्जित जमीन १९५६ नंतर त्यांच्या मृत्यूमुळे कलम ८ ने वडिलांना मिळाली असेल, तर ती वडिलांच्या हातात त्यांची स्वतःची मिळकत ठरते. एकत्र कुटुंबाची पिढ्यान् पिढ्या चालत आलेली सहदायकीची जमीन असेल तर मुलगे व मुली दोघांचाही त्यात जन्मतः हक्क आहे. मुलींना तो ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला, आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या निकालात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी वा विक्री या दुरुस्तीने उघडली जात नाही. वडील, आई, दोन मुलगे आणि एक मुलगी एवढेच असतील, तर काल्पनिक वाटणीत, म्हणजे वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे मानून केलेल्या हिशेबात, आईसह पाचांना पाचवा हिस्सा पडतो, वडिलांचा पाचवा हिस्सा मागे राहिलेल्या चौघांत विसावा-विसावा वाटला जातो, आणि शेवटी प्रत्येकाला चौथा हिस्साच मिळतो. काका-चुलते एकत्र असतील तर आधी वडिलांच्या शाखेचा हिस्सा वेगळा मोजावा लागतो. हा हिशेब वकिलाकडून लेखी करून घ्यावा.

आणखी तीन नाती तपासावीत. दत्तक दिलेल्या भावाचा जन्मघरातील वारसा दत्तकानंतर उरत नाही. पहिले लग्न टिकून असताना झालेल्या दुसऱ्या लग्नातील पत्नीला वारसा मिळत नाही, पण तिच्या मुलांना वडिलांच्या मिळकतीत हक्क आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, वारस असेल, तर त्याचा वेगळा झालेला हिस्सा विकण्यास वा सोडण्यास पालकाला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

चौथी पायरी: सर्वांची नावे लावणे

शेतजमिनीसाठी मृत्यूपासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, वर्दी द्यावी. 'ई-हक्क' प्रणालीतूनही अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची वंशावळ दाखवणारे प्रतिज्ञापत्र लागते. प्रतिज्ञापत्र लिहिताना एखादी बहीण "तिला काही नको आहे" म्हणून गाळणे हा या साऱ्या प्रक्रियेतला सर्वांत घातक शॉर्टकट आहे, कारण ते खोटे प्रतिज्ञापत्र होते आणि पुढची प्रत्येक नोंद त्या खोट्यावर उभी राहते. अर्जानंतर वारसांची नोंद नमुना ६-क या गावच्या वारस नोंदवहीत होते, फेरफार (सातबाऱ्यावरील नावे बदलण्याची नोंद) धरला जातो, नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. कोणी १५ दिवसांच्या मुदतीत लेखी हरकत घेतली, तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन सुनावणी होते. निर्णय मान्य नसल्यास प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते.

जुन्या उताऱ्यांत थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे आणि बहिणींची नावे इतर हक्काच्या रकान्यात दिसतात. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तो थोरला भाऊ एकट्याचा मालक नव्हता, सर्वांच्या वतीने त्याचे नाव लागले होते. पुढच्या पिढीत केवळ त्याच्या मुलांची नावे चढून बाकीच्या शाखा सातबाऱ्यावरून नाहीशा होतात. असे घडले असल्यास १९३० पासूनचे सारे फेरफार एक-एक करून काढावेत. सातबारा मालकी निर्माण करत नाही, तो मुख्यतः महसुलासाठीचा अभिलेख आहे, त्यामुळे नाव नसल्याने हक्क जात नाही. पण तो बरोबर आहे असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते, हेही तितकेच खरे.

सदनिकेच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्तीला (नॉमिनीला) बहुतेकजण मालक समजतात. सोसायटी तिला वारस ठरेपर्यंत तात्पुरती सदस्य म्हणून घेते. मालकी वारसांचीच राहते. बँकेत आणि शेअर्समध्येही नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी विश्वस्त असते, आणि शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने ते डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. विम्याचे तेवढे निराळे आहे: २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, जोडीदार किंवा मुले नामनिर्देशित असल्यास कायदा त्यांनाच रकमेचे लाभार्थी म्हणतो. नामनिर्देशन नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर बँक न्यायालयाचा उत्तराधिकार दाखला मागते. तो ठेवी, शेअर्स यांसारख्या येण्यांसाठी असतो, घर-जमिनीसाठी नव्हे. स्थावरासाठी महाराष्ट्रात १८२७ च्या मुंबई विनियमाखालील वारस दाखला न्यायालयातून काढतात. अर्ज कोणत्याही एका भावंडाने केला तरी त्यात सर्व वारसांची नावे असावीत, म्हणजे वर्तमानपत्रातील जाहीर नोटीस वाचून कोणी दचकत नाही.

पाचवी पायरी: पैशांखेरीज जे बोलायचे असते ते

कायद्याने हिस्से समान निघतात, आणि नेमके तेथेच दहा वर्षे आईचे अंथरूण-पांघरूण केलेल्या भावंडाच्या पोटात कालवते. त्याला कायदा जास्त हिस्सा देत नाही. इतर भावंडे मात्र देऊ शकतात, आणि माझे स्पष्ट मत आहे की त्यांनी तो विषय स्वतःहून काढावा. आमच्या घरी धाकट्याच्या बायकोने आमच्या आईचे सर्व केले होते. आम्ही औषधे, रात्रपाळीची बाई आणि घराची दुरुस्ती यांचा वहीत मांडलेला खर्च आधी सामाईक ठेवीतून तिला दिला, आणि मगच उरलेल्या रकमेचे तीन भाग केले. ती रक्कम मोठी नव्हती, पण वहीतल्या त्या बेरजेखाली थोरल्याने स्वतःच्या हाताने सही केली, तेव्हा पहिल्यांदाच त्या खोलीत कोणी मोकळेपणाने बोलले.

बैठक भावंडांचीच असावी. जावई, सुना आणि मुले दुसऱ्या फेरीत बसावीत. प्रत्येक बैठकीचे मुद्दे तारखेसह लिहून सर्वांनी सही करावी. घरात राहणाऱ्या भावाने भाडे द्यायचे की नाही, भाडेकरूचे भाडे कोठे जमा होते, झाडांचे उत्पन्न कोण घेते, हे मुद्दे लहान वाटतात आणि पुढे मोठे होतात. एकटा भाऊ वीस वर्षे जमीन कसत आहे एवढ्याने इतरांचा हक्क संपत नाही, कारण एका सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांचा मानला जातो. परंतु तुमचा हक्क उघडपणे नाकारला गेल्याचे कळले, तर बारा वर्षांची मुदत धावू लागते. तेव्हा असे नाकारणे ऐकूनही गप्प बसू नये, लेखी उत्तर द्यावे.

सहावी पायरी: वाटणी कागदावर आणणे

वाटणीचे मार्ग तीन-चार आहेत. जमीन मोजून गटाचे भाग पाडता येतात. सर्वांची संमती असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदार वाटणी करून देतात. क्षेत्र तुकडेबंदीच्या, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडण्यास मनाई करणाऱ्या कायद्याच्या, मर्यादेत अडकत असेल, किंवा सदनिका एकच असेल, तर एकाने ती घेऊन इतरांना किंमत द्यावी. किंमत सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून काढावी, केवळ रेडीरेकनरवर (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेल्या दरांवर) विसंबू नये. कोणालाच घ्यायची नसेल तर विकून पैसे वाटावेत. वारशाने मिळण्यावर प्राप्तिकर नाही, विक्रीवर भांडवली नफ्याचा कर येऊ शकतो, एवढे लक्षात ठेवावे.

वाटणीपत्र नोंदणीकृतच करावे. तोंडी समझोता आधीच झाला असून कागद केवळ त्याची आठवण म्हणून लिहिला आहे, तर नोंदणीविना तो चालू शकतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटले आहे. पण त्या भरवशावर नवा कागद तयार करणे म्हणजे पुढच्या पिढीला दावा ठेवून जाणे होय.

हक्कसोडपत्राबद्दल बहिणींना कळकळीने सांगावेसे वाटते. हक्क सोडावा की न सोडावा हा सर्वस्वी तुमचा निर्णय आहे, आणि तो माहेर टिकवण्याची किंमत म्हणून कोणी मागू नये. सोडायचाच असेल तर कोणाच्या लाभात सोडता हे नाव घालून लिहावे. आईला आधार व्हावा म्हणून हक्क सोडणाऱ्या एका बहिणीच्या दस्तात "भावाच्या लाभात" असे शब्द होते, आणि ते तिने निबंधकाच्या टेबलाशी अंगठा उमटवल्यानंतर वाचले. मसुदा आदल्या दिवशी घरी मागवावा, त्यात फक्त ठरलेलीच मिळकत आहे ना ते पाहावे, "व इतर सर्व मिळकती" हे शब्द खोडून घ्यावेत. नोंदलेले हक्कसोडपत्र फसवणूक, दबाव यांसारखे कारण सिद्ध झाल्याशिवाय एकतर्फी मागे घेता येत नाही. वडील हयात असताना त्यांच्या स्वतःच्या मिळकतीतील भावी हक्क स्टॅम्प पेपरवर लिहून घेतला असेल, तर तो साधारणपणे टिकत नाही, कारण त्या वेळी सोडायला हक्कच अस्तित्वात नसतो.

परदेशातील भावंडाने कुलमुखत्यारपत्र भारतीय दूतावासात साक्षांकित करून अथवा अपोस्टिल (त्या देशाच्या सरकारचे प्रमाणन) करून पाठवावे, ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा आणि अधिकार त्या एका व्यवहारापुरतेच द्यावेत.

सातवी पायरी: एकमत झाले नाही तर

आधी वकिलामार्फत वाटणीची नोटीस द्यावी आणि मध्यस्थीची तयारी दाखवावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व तडजोड होऊ शकते, आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता तेथे मोफत वकील मिळतो. लोकअदालतीतील तडजोडीला हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी तीही दस्ताइतकीच बारकाईने वाचावी.

दावा करावाच लागला, तर त्यात सर्व वारस आणि सर्व मिळकती आणाव्यात. एखादा गट वा एखादी आत्या राहिली की दावा त्याच कारणाने लांबतो. सोबत मिळकत विकू नये यासाठी मनाई हुकमाचा अर्ज करावा आणि दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी. न्यायालय आधी प्राथमिक हुकूमनाम्यात हिस्से ठरवते, मग घरासाठी कमिशनर नेमते आणि शेतजमीन प्रत्यक्ष वाटण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवते. एखादा भाऊ आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकू पाहत असेल, तर इतर वारसांना तो प्राधान्याने विकत घेण्याचा हक्क हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २२ देते. आणि राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्याने घेतलाच, तर त्याला थेट घरात राहायला येता येत नाही. दावा कितीही वर्षे चालू असला तरी तडजोडीचा अर्ज कोणत्याही तारखेला देता येतो.

दस्त नोंदला किंवा हुकूमनामा हाती आला की तोच कागद जोडून नवा फेरफार, मिळकत पत्रिका, सोसायटीचे भागपत्र, घरपट्टी आणि वीजजोडणी ही सर्व नावे बदलून घ्यावीत. मूळ दस्त कोणाकडे राहील हे वाटणीपत्रातच लिहावे आणि इतर प्रत्येक भावंडाने नोंदणी कार्यालयातून त्याची प्रमाणित नक्कल काढून आपल्या घरी ठेवावी.